खंडणी दिली की लुटारू जातो का? वायकिंग, देवगिरी आणि आपण

(पिंपळगाव राजा इथे गावातल्या मुलामुलींसमोर केलेलं हे बोलणं. पॉडकास्टच्या भागाचं हे शब्दांकन आहे. बोलण्यातला सूर आणि शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

मागे आवाज येतोय ना? बरं.

पहिल्यांदा हात वर करा. 'वायकिंग्ज' किंवा 'द लास्ट किंगडम' मालिका किती जणांनी बघितलीय? अरे वा. आणि 'असॅसिन्स क्रीड वल्हाला' खेळणारे? दोन, तीन... चला, म्हणजे दाढीवाले, कुऱ्हाडवाले, लांब होड्यांतून येऊन चर्च लुटणारे लोक तुम्हाला माहीत आहेत. देवगिरीच्या यादवांवर मालिका बघितलेले किती? एकही नाही. ठीक आहे, तुमची चूक नाही, तशी मालिका कोणी काढलेलीच नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बीटेक केलं, दिवसभर कोड लिहितो. इतिहास हा माझा नाद. आज एकच प्रश्न घेऊन आलोय: लुटायला आलेला माणूस राजा कधी होतो? आणि तो राजा होईपर्यंत, आणि झाल्यावरसुद्धा, बिल कोण भरतं?

आधी इंग्लंडला जाऊ, मग देवगिरीला, आणि मग एका अशा ठिकाणी, जिथे जायला आपल्याला फारसं आवडत नाही.

सगळेच बाहेरचे

इंग्लंडमध्ये पाचव्या शतकात रोमन फौज निघून गेली. त्यानंतर आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल्स, सॅक्सन्स, ज्यूट्स असे लोक आले. तिथले आधीचे ब्रिटन लोक हळूहळू पश्चिमेकडे, वेल्सकडे सरकले, काही नव्या लोकांत मिसळले. हे आलेले लोक म्हणजे अँग्लो-सॅक्सन. 'इंग्लंड' हे नाव त्या अँगल्सवरूनच आलं. तीनेकशे वर्षांत हेच इथले 'मूळचे' झाले.

मग ७९३ साली लिंडिसफार्न नावाच्या छोट्या बेटावरचा मठ वायकिंगांनी लुटला. पुढे ८६५ साली मोठी फौजच आली आणि परत गेली नाही. एकामागून एक राज्यं पडली. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड मात्र टिकला. ८७८ साली त्याने एडिंग्टनला डेन लोकांना हरवलं आणि तह केला. डेन लोकांकडे जो मुलूख राहिला, त्याला पुढे 'डेनलॉ' म्हणायला लागले, म्हणजे जिथे डेन लोकांचा कायदा चालतो तो भाग.

तिकडे फ्रान्समध्ये ९११ साली रोलो नावाच्या वायकिंग म्होरक्याला तिथल्या राजाने जमीनच देऊन टाकली. घे बाबा, इथे राहा, आणि इतर वायकिंगांना अडव. ते उत्तरेचे लोक म्हणून नॉर्मन, त्यांचा प्रदेश तो नॉर्मंडी. त्या रोलोच्या वंशातला विल्यम १०६६ साली हेस्टिंग्जला जिंकून इंग्लंडचा राजा झाला.

थोडक्यात, अँग्लो-सॅक्सन समुद्रावरून आलेले, वायकिंग समुद्रावरून आलेले, आणि नॉर्मन म्हणजे फ्रेंच बोलायला शिकलेले वायकिंग. प्रत्येकाने आधीच्याला हुसकावलं आणि नंतरच्याला 'परका' म्हटलं.

रेट वाढत गेला

आता माझ्या आवडीचा भाग. ९९१ साली माल्डनच्या लढाईत इंग्रज हरले. राजा होता एथेलरेड. सल्ला मिळाला: पैसे देऊन टाका, जातील. आकडे 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या त्यांच्या बखरीत आहेत. ऐका.

९९१ साली दिले १०,००० पौंड.
९९४ साली १६,०००.
१००२ साली २४,०००.
१००७ साली ३६,०००.
१०१२ साली ४८,०००.

आणि पुढच्याच वर्षी, १०१३ साली, डेन्मार्कचा राजा स्वेन फौज घेऊन आला आणि सिंहासनावर बसला. तो लगेच वारला, पण १०१६ साली त्याचा मुलगा क्नूट इंग्लंडचा राजा झाला. राजा झाल्यावर त्याने काय केलं? १०१८ साली ७२,००० पौंड वसूल केले. आधी खंडणी होती, आता सरकारी कर झाला. घेणारा तोच आणि देणाराही तोच. आज स्वीडनच्या जमिनीत त्या काळातली इंग्रजी चांदीची नाणी हजारोंनी सापडतात, त्यातली काही या खंडणीतून गेलेली.

यातली खरी मेख पुढे आहे. डेन लोकांना द्यायला, त्यांचं आरमार पोसायला म्हणून जो कर बसवला, तो मधे एकदा बंद झाला आणि नॉर्मन राजांनी पुन्हा चालू केला. तो ११६२ सालापर्यंत वसूल होत होता. वायकिंग केव्हाच संपले होते, पण वसुलीची यंत्रणा तयार होती, ती कोण सोडतो?

आमच्या धंद्यात रॅन्समवेअर नावाचा प्रकार आहे. कोणीतरी तुमचा डेटा कुलूपबंद करतो आणि पैसे मागतो. पैसे दिले म्हणजे फाइल परत मिळेलच याची हमी नाही. तो पुन्हा येणार नाही याची तर मुळीच नाही. उलट तुमच्या नावापुढे एक नोंद होते: हा देतो. एथेलरेडच्या नावापुढे तशीच नोंद झाली होती.

आता देवगिरी

तुम्ही म्हणाल, हे सगळं दूर देशातलं. तर मोबाइलवर नकाशा उघडा. अचलपूर शोधा, आपल्या अमरावती जिल्ह्यातलं. मग छत्रपती संभाजीनगरजवळचा देवगिरीचा किल्ला शोधा. दोघांच्या मधे सरळ रेषा ओढा. ती रेषा बुलढाणा जिल्ह्याला आडवी कापत जाते, आपल्या गावापासून फार लांबून नाही. फौजा सरळ रेषेत चालत नाहीत, घाट आणि पाणी बघून चालतात. पण १२९६ साली अलाउद्दीन खिलजी अचलपूरवरून देवगिरीला गेला, तो मुलूख म्हणजे हाच.

तेव्हा तो सुलतान नव्हता. प्रयागराजजवळच्या कडा इथला सुभेदार होता, दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या आणि जावई. बरोबर आठेक हजार घोडेस्वार. काकाला न सांगता निघाला. वाटेत आवई उठवली की काकावर रुसून दक्षिणेत नोकरी शोधायला चाललोय. नशीब असं की रामचंद्रदेव यादवाची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. देवगिरीजवळच्या घाटात कान्हा नावाच्या यादव सरदाराने त्याला अडवलं, पण तो टिकला नाही.

आणि हे राज्य काही कंगाल नव्हतं बरं का. सहाच वर्षांपूर्वी, १२९० साली, याच रामदेवरायाच्या राज्यात ज्ञानेश्वरी लिहून झाली होती. आपल्या वऱ्हाडातल्या रिद्धपूरला महानुभावांचं 'लीळाचरित्र' आकाराला आलं होतं. हेमाडपंत याच दरबारातले. म्हणजे मराठी भाषा ऐन बहरात, आणि खजिना भरलेला.

रामचंद्रदेव किल्ल्यात अडकला. फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने सुमारे ३०० वर्षांनी जी हकीकत लिहिली, तिच्यात एक गोष्ट येते. किल्ल्यात घाईघाईने पोती चढवली होती, धान्याची समजून. वेढ्यात उघडून बघितली तर मीठ! आधी कमी रकमेवर सौदा ठरत होता. तेवढ्यात शंकरदेव फौज घेऊन आला, लढला आणि हरला. मग रेट वाढला. फरिश्ता ६०० मण सोनं, ७ मण मोती, १,००० मण चांदी असे आकडे देतो. तेव्हाचा मण आपल्या मणापेक्षा लहान होता आणि बखरकार आकडे फुगवतात, त्यामुळे यातलं निम्मं सोडून द्या. तरी उरतं ते थोडं नाही.

पण सोन्यापेक्षा महत्त्वाची अट दुसरी होती. अचलपूर आणि त्याच्या आसपासच्या मुलखाचा महसूल दरवर्षी पाठवायचा. म्हणजे एकदाची लूट सालाबादची झाली. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने त्या अलाउद्दीनला बघितलंही नसेल, पण त्याच्या पिकावर आता त्याचं नाव लागलं होतं.

त्या सोन्याचं काय झालं? त्याच वर्षी, जुलै महिन्यात, अलाउद्दीनने काकाचा खून केला आणि तो दिल्लीकडे निघाला. बरनी नावाचा इतिहासकार सांगतो, की वाटेत दर मुक्कामाला दगडफेकीच्या यंत्रातून पाच मण सोनं लोकांवर उधळलं जायचं. लोक गोळा झाले, सरदार फुटले, दिल्ली मिळाली. देवगिरीचा खजिना दिल्लीच्या गादीसाठी खर्च झाला.

पुढचं ऐका आणि एथेलरेड आठवा. यादवांनी काही वर्षांनी अचलपूरचा महसूल पाठवणं थांबवलं. १३०७-०८ मध्ये मलिक काफूर आला. रामचंद्रदेवाला दिल्लीला नेलं, मान दिला, 'रायरायान' असा किताब दिला आणि मांडलिक करून परत पाठवलं. तो वारल्यावर मुलगा विरोधात गेला, काफूर पुन्हा आला. १३१८ साली हरपालदेवाला मारलं आणि यादवांचं राज्य संपलं. इंग्लंडमध्ये पहिल्या खंडणीपासून क्नूट राजा होईपर्यंत २५ वर्षं लागली. देवगिरीला २२.

फक्त 'ते' लुटारू?

इथे कोणाच्या तरी डोक्यात व्हॉट्सॲपवरचा मेसेज आला असेल. 'आपण कधी कोणावर चाल करून गेलो नाही, सगळे आपल्यावर आले.' मला हा मेसेज महिन्यातून एकदा तरी येतोच. तुम्हालाही येत असेल.

तर ९७२ सालचं ऐका. तेव्हा दख्खनवर राष्ट्रकूटांचं राज्य होतं. ज्यांच्या काळात वेरूळचं कैलास मंदिर कोरलं, ते. त्यांची राजधानी मान्यखेट, आजच्या कर्नाटकातलं मळखेड. ती राजधानी माळव्याच्या सीयक परमाराने लुटली. दोघेही इथलेच, देवधर्मही तेच. वर्षभरात राष्ट्रकूट संपले आणि तैलप चालुक्य आला. शत्रूची राजधानी लुटणं हा त्या काळातल्या राजांचा ठरलेला उद्योग होता, मग ते नॉर्वेचे असोत की माळव्याचे.

आणि 'बाहेरचा' कोण हे ठरवणंही सोपं नाही. अचलपूरला १४९० साली इमादशाही सुरू झाली. तिचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क हा विजयनगरच्या मुलखातला हिंदू मुलगा, युद्धात पकडला गेलेला. इस्लाम स्वीकारून बहमनी दरबारात वाढला, वऱ्हाडचा सुभेदार झाला, मग स्वतंत्र झाला. सांगा, याला कुठल्या रकान्यात टाकायचं?

बुलढाण्याचं हेस्टिंग्ज

आपल्याकडे एक गाव आहे, साखरखेर्डा. सिंदखेड राजा तालुक्यातलं. ऑक्टोबर १७२४ मध्ये तिथे निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान पडला, निजाम दख्खनचा जवळजवळ स्वतंत्र मालक झाला आणि हैदराबादचं राज्य उभं राहिलं. ते १९४८ सालापर्यंत चाललं. विजयाची खूण म्हणून गावाचं नावसुद्धा 'फतेहखेर्डा' केलं होतं. एका दिवसाच्या लढाईने २२४ वर्षांचं राज्य! हेस्टिंग्जवर शेकडो पुस्तकं आहेत आणि साखरखेर्ड्यावरून आपली एसटी रोज जाते.

आता इथे डेनलॉची आठवण येईल असं काहीतरी झालं. वऱ्हाड नावाला निजामाचा. पण चौथाई आणि सरदेशमुखी गोळा करायला नागपूरकर भोसल्यांची माणसं यायची. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे आणखी दहा टक्के. गाव एक, मालक दोन. याला दुअमली म्हणायचे. वरून पेंढारी यायचे ते वेगळेच. वऱ्हाडात गावोगाव पांढऱ्या मातीच्या गढ्या दिसतात ना, त्यांच्याकडे या नजरेने बघा. आल्फ्रेडनेही वायकिंगांच्या भीतीने तटबंदीची गावं बांधली होती. पुढे नॉर्मनांनीही मातीचे उंचवटे करून गढ्या बांधल्या, पण त्या गावाला वाचवायला नव्हे, गावावर वचक ठेवायला. गढी बघितली की विचारायचं, ही गावाला वाचवायला होती की गावाकडून वसूल करायला? बरेचदा उत्तर 'दोन्ही' येतं.

आणि बंगाल

आता ते ठिकाण, जिथे जायला आपल्याला आवडत नाही.

१७४२ साली रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. नागपूरहून. पुढची नऊ-दहा वर्षं या स्वाऱ्या चालू राहिल्या. इंग्रजांनी घाबरून कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नाव 'मराठा डिच'. बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने १७४४ साली भास्करपंतांना बोलणीसाठी बोलावलं आणि तंबूत दग्याने मारलं. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. शेवटी १७५१ साली तह झाला: वर्षाला १२ लाख रुपये चौथाई, आणि ओडिशाचा महसूल भोसल्यांना.

ओळखीचं वाटतंय ना? लूट, मग खंडणी, मग सालाबादचा महसूल, मग मुलूख.

ज्या घोडेस्वाराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं, त्याला आपण बारगीर म्हणायचो. त्याचं बंगालीत झालं 'बर्गी'. बंगालमध्ये आजही एक अंगाई आहे, ती या बर्गींबद्दलची. मूल झोपावं म्हणून आई ती म्हणते, आणि त्यात तिला काळजी कसली आहे? सारा भरायचा कसा याची. एका अंगाईत धाड पण आहे आणि शेतसारा पण. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. नाव ऐकून आपल्याला अभिमान वाटेल, पण त्यात गावं जाळल्याची आणि बायकांवरच्या अत्याचारांची वर्णनं आहेत.

इंग्लंडच्या साधूंनी वायकिंगांबद्दल जे लिहिलं, ते आपण मालिकेत बघतो. बंगालच्या आयांनी आपल्याबद्दल जे गायलं, ते आपल्या पुस्तकात सहसा नसतं.

एक प्रश्न

(बोलणं झाल्यावर एका मुलाने विचारलं: "म्हणजे दादा, आपले मराठे अन् ते वायकिंग सारखेच, असं म्हणायचं का तुम्हाला?")

चांगला प्रश्न आहे, आणि राग येऊन विचारलास तरी चालेल. नाही, सगळे सारखे नाहीत. शिवाजी महाराजांनी रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका अशी ताकीद दिली होती, ती उगाच दिली नव्हती. फौज रयतेला कसं लुबाडते हे त्यांना माहीत होतं. बंगालच्या स्वाऱ्या त्यांच्यानंतर साठ वर्षांनी झाल्या आणि त्यात ती शिस्त दिसत नाही. दोन्ही गोष्टी मराठ्यांच्याच इतिहासातल्या आहेत. एक सांगायची आणि एक लपवायची, असं केलं तर पहिलीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आणि लुटारू राजा झाला की त्यालाही बदलावं लागतं. कारण दरवर्षी वसूल करायचं तर शेत पिकलं पाहिजे. क्नूट पुढे चर्चला देणग्या देणारा राजा झाला, १०२७ साली रोमला जाऊन आला. ओडिशात मराठ्यांनी जगन्नाथ मंदिराची व्यवस्था बघितली. पुरीला मंदिरासमोर जो अरुणस्तंभ दिसतो, तो त्यांच्याच काळात कोणार्कहून आणलेला. विल्यमने १०६९-७० च्या हिवाळ्यात उत्तर इंग्लंड जाळून उपाशी मारलं आणि १०८६ साली त्याच देशात कोणाकडे किती जमीन, किती नांगर, किती गुरं, याची नोंद करून घेतली. ती 'डूम्सडे बुक'. अकबराने १५९६ च्या सुमारास वऱ्हाड घेतला, तेव्हा 'ऐन-ए-अकबरी'त आपले परगणे आणि त्यांचा महसूल आकड्यांसकट आला. आपलं मेहकर त्यात एका सरकारचं ठाणं आहे. लुटारू मोजत बसत नाही, हाताला लागेल ते नेतो. जो मोजायला लागला, तो मुक्कामाला आला असं समजायचं.

खुणा भाषेतही राहतात. इंग्रजीतले कायदा, अंडं, आभाळ यांचे रोजचे शब्द वायकिंगांकडून आले. कोर्ट, तुरुंग आणि कर यांचे नॉर्मनांकडून. आपल्याकडे सरकार, हुकूम, जमीन, वसूल, जिल्हा, तालुका, तहसील हे सगळे फारसी-अरबी वाटेने आले. सातबारा काढायला गेलात की खिडकीवर अर्धे शब्द त्या राज्यकर्त्यांचे बोलता. ते शब्द आता आपलेच आहेत, त्यांना हाकलायची गरज नाही. ते कसे आले एवढं माहीत असावं.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. यापुढे आक्रमणाबद्दलचा कुठलाही मेसेज, रील, मालिका समोर आली, की फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी विचारा. लुटलं कोणी? त्या पैशातून पुढे काय उभं राहिलं? आणि तो पैसा कोणाच्या शेतातून आला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दर शतकात बदलतं. दुसऱ्याचंही बदलतं. तिसऱ्याचं उत्तर इंग्लंडमध्ये, वऱ्हाडात आणि बंगालमध्ये एकच आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे पणजोबा-खापरपणजोबा त्या उत्तरातच बसतात.

साखरखेर्ड्याला कोणी जाणार असेल तर मला सांगा, पुढचा भाग तिथूनच रेकॉर्ड करू.